बरव्यांची रिकामी जागा

१ जुलै १९३६. लंडनमध्ये अतिवास्तववादी चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. साल्वादोर दाली पाणबुड्याचा पोशाख चढवून भाषणाला उभा राहिला आणि शिरस्त्राणात त्याचा जीव गुदमरायची वेळ आली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अलिबागजवळच्या नागावला चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले होते.

अतिवास्तववाद म्हटलं की आपल्याला दालीच्या मिशा आणि वितळणारी घड्याळं आठवतात. चित्रकार विक्षिप्त हवा, तो विक्षिप्तपणा वागण्यातही दिसायला हवा, असा समज त्यातूनच पसरला. बरव्यांनी मात्र वर्षानुवर्षं सरकारी नोकरी केली, नेमानं डायऱ्या लिहिल्या. विलक्षण जे होतं ते सारं कॅनव्हासवर.

जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५९ साली बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात लागले. हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करण्याचं ते काम. १९६१ पासून काही वर्षं वाराणसीत गेली. तिथं तंत्रपरंपरेतल्या आकृत्यांनी त्यांना ओढून घेतलं. पुढं मुंबईत परतल्यावर त्या आकृत्या हळूहळू मागं पडल्या आणि चित्रांत आल्या रोजच्या वस्तू: घड्याळ, किल्ली, पान, शिंपला, फळ. रंगही बहुधा एनॅमलचा, दाराखिडक्यांना लावतात तोच.

या वस्तू एकमेकींशेजारी येतात, पण नेहमीचं नातं सोडून. लहानमोठेपणाचं माप बदलतं, पायाखालची जमीन नाहीशी होते. घड्याळाचं वेळ दाखवण्याचं काम सुटतं आणि उरतो फक्त त्याचा आकार. दालीच्या स्वप्नात भीती आणि वासना दाटलेली असते. बरव्यांच्या चित्रात भरपूर मोकळी जागा असते, आणि माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथंच आहे. ही जागा जोखण्याची सवय त्यांना मागामुळं लागली असावी. साडीवर दोन बुट्ट्यांमधलं अंतर चुकलं, तर बुट्टी कितीही देखणी असो, साडी फसते. मगनवाडीतल्या मगन संग्रहालयात चरखे आणि माग पाहिलेल्या वर्धेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९९० मध्ये मौज प्रकाशनानं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ काढलं. चित्रकार स्वतःच्या विचारप्रक्रियेकडं इतक्या बारकाईनं पाहतो आणि ते सरळ मराठीत मांडतो, असं पुस्तक आपल्याकडं विरळाच. १९९५ मध्ये बरवे गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं, पण वर्ध्याहून मुंबईला जाऊन चित्रं पाहणं किती जणांना जमणार?

पुस्तक मात्र इथं आणता येतं. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी आणि गावोगावच्या वाचनालयांनी ते जरूर मागवावं.