चारही दिवे केव्हां लावावे?

कुरकुंभ येथें पुणें-सोलापूर महामार्ग व दौंड-बारामती रस्ता यांची गांठ पडते. औद्योगिक वसाहतीचे टँकर, हंगामांत उसाच्या ट्रॉल्या आणि सहकुटुंब प्रवासास निघालेल्यांच्या मोटारी, या सर्वांची तेथें ये-जा असते. अशा चौकांत आपल्याकडे एक चमत्कारिक रूढि आढळते. सरळ जावयाचें म्हणून कित्येक चालक तांबड्या त्रिकोणाचें बटण दाबून चारही इंडिकेटर लुकलुकवितात.

यांतील धोका वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. बाजूच्या रस्त्यावर थांबलेल्या मनुष्यास मोटारीची एकच बाजू दिसते. गाडी आपल्याच रस्त्यास वळणार असें समजून तो पुढें सरतो, आणि ती तर सरळ येत असते! वस्तुतः सरळ जाणारास कोणत्याच खुणेची आवश्यकता नाहीं. पावसांत वा धुक्यांत चालत्या गाडीचे चारही दिवे लावणेंही तितकेंच अनिष्ट; कारण बहुतेक गाड्यांत मग वळण्याची खूण करावयास साधनच उरत नाहीं. त्या वेळीं पुढील दिव्यांचा झोत खालीं ठेवून वेग कमी करावा.

मग हे दिवे कोणासाठीं? रात्रीं भरला टँकर बंद पडून रस्ता अडला, अथवा एखादें वाहन दोरानें ओढून न्यावें लागलें, तर त्यासाठीं. संकटाची खूण जो तो उगीच करूं लागला, तर खऱ्या संकटाची दखल कोण घेईल? घरांतील तरुण चालकांस वडीलधाऱ्यांनीं एवढें अवश्य समजावून द्यावें, अशी आमची विनंति आहे.