सोळाशे मीटर मोजणार कोण?

लेखमाला : धावतं गाव – भाग सातवा

सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचं उमरगा मराठवाड्यातल्या इतर तालुक्यांच्या गावांसारखंच पहाटे धावायला लागतं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी घराबाहेर काढलेले पन्नाशीतले लोक त्यात असतात, पण खरी गर्दी भरतीच्या मुलामुलींची. ‘सोळाशे कितीत मारतोस?’ या प्रश्नाला मिनिट आणि सेकंद दोन्ही सांगावे लागतात. गेल्या आठवड्यात बुटांचा विषय झाला. बुटांनंतर घरी पैसे मागितले जातात ते घड्याळासाठी, आणि ही रक्कम बुटांपेक्षा बरीच मोठी असते. म्हणून या भागात नीट हिशेब मांडायला हवा.

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीचं ग्राउंड ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. लांब धावेचे गुण २०. ते सगळे हवे असतील तर मुलाने ५ मिनिटं १० सेकंदांत आणि मुलीने २ मिनिटं ५० सेकंदांत अंतर संपवायचं. त्यापुढे गुण पायरीपायरीने उतरतात.

आता गणित. ५ मिनिटं १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. त्यात १६०० मीटर, म्हणजे दर १०० मीटरला साधारण १९.४ सेकंद. जीपीएस घड्याळाने अंतरात फक्त एक टक्का चूक केली तर ती १६ मीटर होते, आणि १६ मीटर म्हणजे तीन सेकंद. तीन टक्के चूक झाली तर नऊ सेकंदांहून जास्त. सरावात घड्याळाने ‘५:०८’ दाखवलं म्हणून मुलगा निर्धास्त राहतो, आणि भरतीच्या मोजलेल्या मैदानावर तोच ५:१७ ला येतो. त्याचा दम कमी पडलेला नसतो. सरावातलं त्याचं १६०० मीटरच अपुरं असतं.

ही चूक येते कुठून? जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपल्या अणुघड्याळाची वेळ सतत पाठवत राहतात. मनगटावरचं घड्याळ निदान चार उपग्रहांचे संदेश पकडतं, प्रत्येकाला यायला किती वेळ लागला ते पाहतं आणि त्यावरून आपली जागा काढतं. मोकळ्या आकाशाखाली ही जागा साधारण तीन ते पाच मीटरच्या आत बरोबर येते. मग ते एकेका सेकंदाचे ठिपके जोडून अंतर ठरवतं. सरळ रस्त्यावर ठिपके थोडे इकडेतिकडे झाले तरी बेरीज फारशी बिघडत नाही. गोल मैदानावर मात्र दर वळणाला रेघ आत कापली जाते किंवा बाहेर फेकली जाते. मैदान जितकं लहान, तितकी वळणं जास्त आणि घोळही जास्त. शाळा-कॉलेजच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या २०० मीटरच्या राउंडमध्ये सोळाशे मारायचं म्हणजे सोळा वळणं.

काही घड्याळांत ट्रॅकसाठी वेगळा प्रकार असतो, त्यात लेन सांगितली की घड्याळ अंतर दुरुस्त करून घेतं. पण ती सोय ४०० मीटरचा प्रमाणित ट्रॅक गृहीत धरते. दोनशे-तीनशे मीटरच्या गावठी मैदानावर तिचा उपयोग नाही.

मोठ्या शर्यतींतही अंतराचा शब्द घड्याळाचा नसतो. मुंबई मॅरेथॉन संपवलेल्या कित्येकांच्या घड्याळात ४२.१९५ ऐवजी साडेबेचाळीसच्या पुढचा आकडा दिसतो आणि मग मार्ग चुकीचा मोजल्याची कुजबुज होते. अशा शर्यतीचा मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर राखत, सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. गर्दीत धावणारा ती वाट कधीच धरू शकत नाही, आणि दक्षिण मुंबईच्या उंच इमारतींवर आपटून आलेले उपग्रहांचे संदेश घड्याळाला आणखी चकवतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे याने जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मोजलेला ट्रॅक आणि अंतिम रेषेवरचा कॅमेरा असल्याशिवाय सेकंदाचा शंभरावा भाग नोंदवताच येत नाही.

तेव्हा उमरग्यातल्या मुलांनी घड्याळाआधी टेप आणावी. बांधकामावर वापरतात ती ३० मीटरची टेप पुरेशी आहे. आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून राउंड मोजायचा, दोनदा मोजायचा, खुणा पक्क्या करायच्या आणि वेळ साध्या स्टॉपवॉचने घ्यायची. भरतीच्या निकालाशी ज्याचा थेट संबंध आहे ते सगळं काम एवढ्यात होतं.

मग महागडं घड्याळ हवं कशाला? ठोक्यांसाठी.

भरतीची तयारी करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे रोज जीव तोडून धावणं. हळू धावायचं ठरलेल्या दिवशीही शेजारचा पुढे गेला की पाय वेग घेतात. पुढे नडग्या दुखतात, झोप उडते, टायमिंग वर जातं. हळू म्हणजे किती हळू, हे हृदयाचे ठोके सांगतात. ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ पासून चालत आलंय. २००१ मध्ये मांडलेलं ‘२०८ वजा वयाचे ०.७ पट’ हे अधिक नेमकं मानतात. वीस वर्षांच्या मुलासाठी त्यातून कमाल १९४ ठोके निघतात. त्याच्या ७५ टक्के म्हणजे साधारण १४५. सोप्या दिवशी याच्या खाली राहायचं. माणसामाणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो, म्हणून धावता धावता पूर्ण वाक्य बोलता येतं का, हेही तपासत राहावं.

उन्हाळ्यात या आकड्याची किंमत वाढते. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, शरीर थंड राहावं म्हणून रक्त कातडीकडे वळतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. तेव्हा वेगाचा हट्ट सोडून ठोके धरावेत.

मात्र मनगटावरची मोजणी बिनचूक नसते. घड्याळाच्या पाठीवरचा हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं. दर ठोक्याला रक्त वाढलं की परतणारा प्रकाश घटतो, त्यावरून ठोके मोजले जातात. हात हलला, पट्टा सैल पडला, डिसेंबरच्या थंडीत बोटं गारठली की हिशेब बिघडतो. सर्वांत फसवी चूक अशी, की घड्याळ ठोके सोडून पावलं मोजू लागतं. पावलं मिनिटाला १७० पडत असतात आणि ठोकेही १७० दिसतात! सावळ्या कातडीवर ही घड्याळं चुकतात का, असं आपल्याकडे हमखास विचारलं जातं. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० मधल्या अभ्यासात कातडीच्या रंगाने लक्षणीय फरक दिसला नाही, हालचालीने मात्र चूक बरीच वाढली. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट बांधलं तर बराच फरक पडतो.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट घेतो, म्हणून वेगाने धावतानाही तो खरा राहतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ मध्येच बिनतारी यंत्र बाजारात आणलं होतं. धावणाऱ्यांसाठी जीपीएस मनगटावर आलं ते २००३ मध्ये, गार्मिनच्या फोररनरमधून. जुनं तंत्र आजही जास्त विश्वासाचं आहे.

यातून उमरग्याची खरेदी मुंबईच्या खरेदीपेक्षा वेगळी ठरते. महाग घड्याळं एल-१ आणि एल-५ अशा दोन लहरींवर चालतात. एल-५ चा संकेत दसपट वेगाने बदलतो, त्यामुळे भिंतीवरून परावर्तित झालेला संदेश ओळखून बाजूला टाकता येतो. नरिमन पॉइंटला ते मोलाचं आहे. तुरोरीकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर अडवायला इमारतीच नाहीत, तेव्हा त्या सोयीचे पैसे वाचवून छातीचा पट्टा घ्यावा. त्यासाठी घड्याळाला बाहेरचा पट्टा ब्लूटूथने जोडता येतो ना, हे आधी विचारायचं.

दुकानात दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. स्वस्त स्मार्टवॉचच्या खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलेलं असतं, पण अनेकदा ते जीपीएस खिशातल्या मोबाइलचं असतं. फोन घरी ठेवून, घड्याळ एकटं बाहेर नेऊन अंतर दिसतं का ते पाहावं. दिसलं नाही तर ते घेऊ नये. तिसरी गोष्ट पडद्याची: भर उन्हात आकडे वाचता आले पाहिजेत, आणि ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. लॅपचं बटण खरंखुरं दाबायचं असावं, घामेजल्या बोटाने स्पर्शाचा पडदा दगा देतो. धावण्याआधी मोकळ्यावर थांबून उपग्रह सापडू द्यावेत. उपग्रहाला आपली नेमकी कक्षा सांगायलाच अर्धं मिनिट लागतं.

पन्नाशीतल्यांसाठी एक सूचना. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटाची गोळी चालू असेल तर ठोके मुळातच दबलेले राहतात आणि वयाचं सूत्र लागू पडत नाही. मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

भरतीच्या मुलांना मात्र प्रत्येकी घड्याळ लागत नाही. एकत्र सराव करणाऱ्या पाच-सहा जणांत एक घड्याळ आणि एक छातीचा पट्टा चालतो. पट्टा लहानमोठा करता येतो, दर वापरानंतर धुवावा लागतो, आणि घड्याळात ज्याची पाळी त्याचं वय भरायचं. पाळी सोप्या धावेच्या दिवशी लावावी, कारण आकड्याची गरज त्याच दिवशी असते. पुढच्या आठवड्यात उन्हाळ्यातलं पाणी आणि मीठ.