फलटणचे नाईक निंबाळकर : नांव, सोयरीक व चाकरी

लोणी या नांवाचीं गांवें पुणें प्रांतांत एकाहून अधिक आहेत. म्हणून लोणी काळभोर, लोणी कंद, लोणी भापकर अशीं त्यांस घराण्यांचीं नांवें जोडलीं गेलीं. येथें घराण्यानें गांवाची ओळख पटविली. नीरा ओलांडून दक्षिणेस गेलें म्हणजे याच्या उलट प्रकार दिसतो. फलटणचे नाईक मूळचे पवार. निंबळक गांवीं वास्तव्य झाल्यावर ते निंबाळकर झाले, अशी परंपरा आहे. जर्मन देशांतील मध्ययुगीन लहान अधिपतींचीं कुळेंहि अशींच आपल्या गढीच्या नांवावरून ओळखलीं जात. मात्र ‘कर’ हा प्रत्यय संबंध सांगतो, स्वामित्व नव्हे. (‘भापकर’ ह्यांतहि तो आहेच.) कागदांत तो दिसतांच त्या गांवचें वतन त्या पुरुषाकडे होतें असें मानणें धाडसाचें आहे.

‘नाईक’ शब्दाचीहि हीच गत. तो संस्कृत ‘नायक’ शब्दापासून आला. परंतु शिवकालीन पायदळांत मूठभर पाइकांवरचा हुद्देदारहि नाईक आणि फलटणचा अधिपतीहि नाईक. तेव्हां नुसत्या पदवीवरून योग्यता ठरत नाहीं.

निंबराजापासून धारच्या परमारांपर्यंत नेलेला धागा कुळकथेचा आहे. तो आम्ही फेंकून देत नाहीं. पण प्रमाण म्हणूनहि घेत नाहीं. लोणी भापकर येथील मल्लिकार्जुनाचें देऊळ, पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ति पाहिली म्हणजे हा मुलूख एके काळीं संपन्न होता याविषयीं शंका राहत नाहीं. कोणीं तरी द्रव्य वेंचल्याखेरीज असें काम उठत नाहीं. तरी त्या पाषाणावरून हल्लींच्या एखाद्या घराण्याचें प्राचीन राज्य सिद्ध करूं पाहणें हा केवळ अभिमान होय.

खरा उजेड सतराव्या शतकांत पडतो, आणि तो बहुतांशीं लग्नसंबंधांतून पडतो. वणगोजी नाइकांची बहीण दीपाबाई (हीसच कोठें कोठें उमाबाई म्हटलें आहे) मालोजी भोसल्यांस दिली होती. मुधोजी नाइकांची कन्या सईबाई हिचा विवाह १६४० सालीं शिवाजीमहाराजांशीं झाला. १६५७ त संभाजीराजे जन्मले व १६५९ त ती वारली. तिचे बंधु बजाजी. त्यांचे पुत्र महादजी यांस महाराजांची कन्या सखुबाई दिली. एवढी दाट सोयरीक असतां १६६५ च्या डिसेंबरांत, पुरंदरच्या तहानंतर, महाराज जयसिंगाबरोबर विजापुरावर निघाले तेव्हां फलटण आदिलशाहीच्या बाजूस होतें, आणि तें महाराजांच्याच फौजेनें घेतलें!

बजाजींचें धर्मांतर व पुनःप्रवेश यांवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं त्या गर्दींत ही गोष्ट झांकून जाते. कोणी हिला द्रोह म्हणेल. आमच्या मतें तो शब्द येथें लागू पडत नाहीं. नीरेच्या उत्तरेस पुणें-सुपें ही भोसल्यांची जहागीर. दक्षिणेस नाइकांचें फलटण, विजापूरच्या छत्राखालीं. लेक द्यावी शेजाऱ्यास, चाकरी करावी बादशहाची, आणि वतन राखावें आपल्या पोरांसाठीं, असा हा तिपेडी व्यवहार होता. तो साधला म्हणूनच निजामशाही, आदिलशाही व मोगलाई लयास गेल्या तरी फलटण टिकलें. १८४८ सालीं सातारचे छत्रपति शहाजी वारल्यावर तें राज्य खालसा झालें. जहागीर मात्र नाइकांकडेच राहिली. १९४८ सालीं ती मुंबई प्रांतांत विलीन झाली, आणि आज फलटण सातारा जिल्ह्यांतील तालुका आहे.

दप्तरें शोधणारांस आमची एक विनंति आहे. जुनीं घराणीं सनदा शिक्क्यासाठीं जपतात आणि लग्नाच्या आहेराच्या व आंदणाच्या याद्या रद्दींत घालतात. कोणी कोणाकडे मुलगी दिली, वऱ्हाडास कोण बोलाविलें, आंदणांत काय दिलें, हें त्या याद्यांतच सांपडतें. नीरेच्या दोन्ही तीरांवरील गांवीं असा रुमाल हातीं आल्यास सनदेबरोबर तोहि उचलावा, आणि ज्या क्रमानें कागद बांधले असतील तो क्रम मोडूं नये.