जेल नेलपॉलिशचे रंगनमुने : काम छोटे, काळजी मोठी

दहावी-बारावीनंतर ब्युटी पार्लरचे काम शिकू इच्छिणाऱ्या चिकोडी परिसरातील मुलींसाठी व त्यांच्या पालकांसाठी ही माहिती देत आहोत.

बाटलीतला रंग नखावर तसाच दिसेल असे नाही, म्हणून गिऱ्हाइकाला नमुना दाखवतात. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नखावर आधी बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ थर, शेवटी टॉप कोट द्यावा. प्रत्येक थर दिव्याखाली पक्का करावा आणि मागे बाटलीचा क्रमांक लिहावा.

हे जेल हवेने वाळत नाही. सुमारे ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचे लहान रेणू जोडले जाऊन साखळ्या बनतात व थर कडक होतो. गडद रंगाचा थर जाड दिला तर प्रकाश तळापर्यंत पोहोचत नाही. वरून कडक, आतून कच्चा राहतो.

कच्चे जेल कातडीला वारंवार लागल्यास ॲलर्जी होऊ शकते, आणि ती बहुधा जन्मभर राहते. दातांत भरण्याच्या काही मसाल्यांतही तशीच द्रव्ये असल्याने पुढे तिथेही त्रास संभवतो. युरोपीय संघाने तर जेलमधील 'टीपीओ' या द्रव्यावर १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली आहे.

म्हणून मुलींनो, नायट्राइलचे हातमोजे घाला, लेबल वाचा, थर पातळ द्या. पालकांनीही हे काम हलके समजू नये. त्यात वर्गात शिकलेले रसायनशास्त्रच कामी येते.