चकलीचा तास कुणी मोजलाय?

"ताई, पुढच्या वर्षी मला काही जमायचं नाही हो."

२०२४ ची दिवाळी झाल्यावर आमच्या बचत गटाची हिशोबाची बैठक होती. पाकिटं वाटून झाली, चहा झाला, आणि आमच्या गटातल्या मावशी एवढंच बोलून उठल्या. भांडण नाही, तंडण नाही. चपला घातल्या आणि गेल्या. मागे आम्ही सात जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. कुणी म्हणालं, सुनेचं बाळंतपण असेल. कुणी म्हणालं, पैसे कमी वाटले असतील. पण पैसे तर सगळ्यांना सारखेच! २१,००० रुपये नफा, आठ जणी, प्रत्येकीला २,६२५. यात कमी-जास्त कुठे आलं?

ते कुठे आलं हे मला जवळजवळ वर्षभराने कळलं, आणि तेही कॉम्प्युटरमुळे. मी बी.ए. मराठी. आकडेमोडीचा आणि माझा संबंध किराण्याच्या यादीपुरता. त्यामुळे मैत्रिणींनो, पुढे जे लिहिते आहे ते मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल, याची खात्री बाळगा.

झालं असं की २०२५ च्या नवरात्रात लेक सुट्टीला घरी आली होती. मी वही घेऊन बसले होते. चकली किती, शंकरपाळी किती, बेसनाचे लाडू किती? आदल्या वर्षी आम्ही सगळं सत्तर-सत्तर किलो केलं होतं. का सत्तर? तर कुणाचं मन दुखायला नको म्हणून! लाडूवाल्या म्हणणार लाडू जास्त करा, चकलीवाल्या म्हणणार चकली. लेक वहीत डोकावली आणि म्हणाली, "आई, हे एक्सेलला विचार ना. त्यात सॉल्व्हर असतो."

एक्सेल म्हणजे आखीव तक्त्यांचं सॉफ्टवेअर, हे ऐकून माहीत होतं. बेरजा करतं, तेही माहीत. पण 'किती करू?' असं त्याला विचारता येतं, हे नवीन होतं. सॉल्व्हर हे एक्सेलसोबतच येणारं जोडउपकरण आहे. फ्रंटलाइन सिस्टिम्स नावाच्या अमेरिकन कंपनीने ते बनवलं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते एक्सेलमध्ये आहे. वेगळे पैसे नाहीत. फक्त ते झोपलेलं असतं, उठवावं लागतं.

उठवायचं कसं, ते सांगते. एक्सेल उघडून वर डावीकडे 'फाईल'वर जायचं, तिथे खाली 'ऑप्शन्स' असतं. जी खिडकी उघडते तिच्या डाव्या यादीत 'ॲड-इन्स' असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं. आता खाली 'मॅनेज' शब्दापुढे 'एक्सेल ॲड-इन्स' दिसेल. त्याच्या शेजारचं 'गो' दाबलं की छोटी यादी येते. तीत 'सॉल्व्हर ॲड-इन' पुढच्या चौकोनात बरोबरची खूण करून ओके म्हणायचं. झालं. मग वरच्या 'डेटा' या पट्टीत अगदी उजव्या टोकाला सॉल्व्हर येऊन बसतो. कुणाकडे २००३ चं जुनं एक्सेल असेल तर तिथे 'टूल्स'मध्ये 'ॲड-इन्स' आहे. आणि एक्सेलच नसेल तर लिबर ऑफिस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, त्याच्या 'टूल्स'मध्ये सॉल्व्हर आधीपासून असतो. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये मात्र हा सापडत नाही. मी आधी तिथेच शोधण्यात अर्धी दुपार घालवली.

मग तक्ता केला. वर तीन नावं: चकली, शंकरपाळी, लाडू. पहिली ओळ 'किती किलो', ती रिकामी, कारण तेच तर विचारायचं आहे. दुसरी ओळ किलोमागे नफा. चकली आम्ही २८० रुपयांनी विकतो, सामान, गॅस, पिशवी धरून १६० खर्च होतो, म्हणजे नफा १२०. शंकरपाळीचा खर्च १२०, नफा ७०. लाडवाला साजूक तूप, त्यामुळे खर्च २८० आणि नफा ११०. तिसरी ओळ खर्चाची. आणि गटाकडे भांडवल ४०,००० रुपये.

शेवटी एका चौकोनात एकूण नफा, दुसऱ्यात एकूण खर्च. इथे मी पहिली चूक केली. बेरीज वहीत करून तो आकडा चौकोनात लिहिला. सॉल्व्हर अडून बसला. त्याला तिथे सूत्र लागतं, म्हणजे किलो बदलले की नफा आपोआप बदलला पाहिजे. 'सम-प्रॉडक्ट' नावाचं सूत्र आहे, ते दोन ओळींतले आकडे जोडीजोडीने गुणून बेरीज देतं. ते घातलं.

सॉल्व्हर दाबला की तो तीन गोष्टी विचारतो. काय वाढवायचं (किंवा कमी करायचं)? आपण म्हणायचं, एकूण नफा. काय बदलू? आपण म्हणायचं, ते तीन रिकामे चौकोन. आणि अटी काय? अट एकच घातली, खर्च ४०,००० च्या वर नको. खाली उणे आकडे नकोत अशी एक खूण असते, ती ठेवायची. नाहीतर तो उणे वीस किलो लाडूही करायला सांगेल! पद्धत निवडा म्हणतो, तिथे 'सिम्प्लेक्स एलपी' निवडायचं. आपला हिशोब सरळ गुणाकार-बेरजेचा असतो, त्याला हीच पद्धत. मग 'सॉल्व्ह'.

डोळ्याची पापणी लवेपर्यंत उत्तर हजर. चकली २५० किलो. शंकरपाळी शून्य. लाडू शून्य. नफा ३०,००० रुपये.

मी हसायलाच लागले. दिवाळीच्या फराळात लाडू शून्य! पण लेक हसली नाही. म्हणाली, "आई, तू त्याला जे सांगितलं नाहीस ते त्याला कसं कळणार? तुझ्याकडे आधीच नोंदवलेल्या ऑर्डरी आहेत का?" होत्या. लाडवाच्या चाळीस किलोच्या होत्या. "आणि एक किलो चकलीला वेळ किती लागतो?"

इथे माझं बोलणं थांबलं. कारण ते आम्ही कधी मोजलंच नव्हतं. तेल मोजलं, तूप मोजलं, पिशव्या मोजल्या, रिक्षाचं भाडं मोजलं. हाताचा वेळ वहीत कुठेच नव्हता.

ही चूक मोठमोठ्यांनीही केली आहे बरं का. सिम्प्लेक्स पद्धत ज्यांनी १९४७ मध्ये शोधली ते अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग. पौष्टिक आणि कमीत कमी खर्चाचा आहार कोणता, हे कोडं अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ मध्ये मांडलं होतं, ७७ पदार्थांचं. नवी पद्धत तपासायला १९४७ मध्ये तेच घेतलं. तेव्हा हाताने चालवायच्या यंत्रांवर नऊ माणसं बसली होती आणि एकूण १२० दिवसांची मजुरी खर्ची पडली. पुढे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितल्यावर डँट्झिगनी स्वतःचं पथ्य कॉम्प्युटरकडून करून घ्यायचं ठरवलं. उत्तर आलं, शेकडो गॅलन व्हिनेगर! कारण व्हिनेगर जास्तीत जास्त किती प्यावं ही अट घालायचीच राहिली होती. व्हिनेगर यादीतूनच काढून टाकलं, तर पुढचं उत्तर आलं सुपाच्या वड्यांचं, दिवसाला दोनशे. शेवटी पथ्याचं काम त्यांच्या बायकोने हातात घेतलं म्हणे.

तर आमचं व्हिनेगर म्हणजे तास. दुसऱ्या दिवशी मी गटातल्या दोघींना बोलावलं आणि आम्ही आठवून आठवून लिहिलं. भाजणी मळायची, सोऱ्याने चकल्या पाडायच्या, तळायच्या, निवल्यावर भरायच्या. किलोला माणशी दीड तास. शंकरपाळी लाटून, कातून, तळून अर्धा तास. लाडू, बेसन भाजण्यापासून वळण्यापर्यंत, पाऊण तास. आठ जणी, सहा दिवस, रोज पाच तास, म्हणजे हाताशी २४० तास. आणि सॉल्व्हरच्या २५० किलो चकलीला लागणार होते ३७५!

मग मी सहज आदल्या वर्षीचे आकडे त्या ओळीत टाकून पाहिले. सत्तर किलो चकली म्हणजे १०५ तास. चकलीवर होत्या तिघी जणी. प्रत्येकीचे ३५ तास. लाडू आणि शंकरपाळी मिळून साडेसत्त्याऐंशी तास, त्यावर पाच जणी. प्रत्येकीचे साडेसतरा.

बरोब्बर दुप्पट. आणि पाकीट सगळ्यांना सारखं.

मावशी चकलीवर होत्या. त्यांचा उजवा खांदा दुखतो हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "तुमच्या हाताला चव आहे, चकली तुम्हीच पाडायची," असं दरवर्षी कौतुकाने म्हणायचो. मला त्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली.

तासांची आणि चाळीस किलो लाडवाची अट घालून पुन्हा 'सॉल्व्ह' दाबलं. चकली १०८, शंकरपाळी ९६, लाडू ४०. नफा २४,०८०. म्हणजे सत्तर-सत्तरपेक्षा ३,०८० रुपये जास्त. सॉल्व्हर एक अहवालही देतो, 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा. तो मागून घ्याच. त्यात दिसलं की आणखी एक तास मिळाला तर नफा ३२ रुपयांनी वाढेल, भांडवलात हजार रुपये वाढले तर ४५० रुपयांनी, आणि लाडवाची ऑर्डर एक किलोने वाढली तर ४० रुपयांनी उलट कमीच होईल. लाडवात नफा आहे हो, पण त्याच पैशात इतर दोन्ही जास्त होतात. लाडूवाल्या जरा हिरमुसल्या.

कुणीतरी म्हणालं, पाच हजार गटातूनच उचलूया की. ते घालून पाहिलं तर चकली उतरून ८३ वर आली आणि शंकरपाळी १७१ वर गेली. पण आमच्या गावात १७१ किलो शंकरपाळी खाणार कोण? दीडशेच्या पुढे ती खपत नाही, हे सॉल्व्हरला ठाऊक नाही, दुकानदाराला ठाऊक आहे. पुन्हा व्हिनेगरच.

१०८ किलो चकली म्हणजे १६२ तास सोऱ्या. हे उत्तर घेऊन मी मावशींकडे जाऊच शकत नव्हते. मग बैठकीत ठरलं, सोऱ्या आळीपाळीने, आणि कुणीही आपल्या निम्म्याहून जास्त वेळ चकलीवर बसायचं नाही. प्रत्येकीचे पंधरा तास, आठ जणींचे १२०. म्हणजे चकली ८० किलोच्या वर नाही. ही अट घातली तर शंकरपाळी १३३.३३ किलो आली. आमच्या पिशव्या किलोच्या, म्हणून पूर्ण आकड्याची अट घातली. (ही अट घालताना सॉल्व्हरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'इंटिजर ऑप्टिमॅलिटी' एक टक्का असते, ती शून्य करा, नाहीतर तो जवळपासच्या उत्तरावर समाधान मानू शकतो. आणि ही अट असली की तो अहवाल मिळत नाही.) चकली ८०, शंकरपाळी १३३, लाडू ४०. नफा २३,३१०.

"म्हणजे ७७० रुपये कमी," आमच्या खजिनदार बाई म्हणाल्या. नेहमी पैशापैशाला अडणाऱ्या. आम्ही गप्प. मग त्याच म्हणाल्या, "खांद्याला मालिशवाली बोलावली तरी याहून जास्त घेते. लिहा ८०."

पाकिटंही आता तासांवर ठरली. भिंतीवर वही टांगली, जी जितके तास बसेल तिने तिथे लिहायचे.

मी तक्त्याचा कागद घेऊन मावशींकडे गेले. त्यांना वाचता येतं, पण चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवला. ३५ आणि साडेसतरा हे दोन आकडे त्यांनी मला पुन्हा वाचायला लावले. "हे मशीनने सांगितलं?" म्हणाल्या. मी म्हटलं, मशीनने विचारलं, सांगितलं आपणच. त्यांनी कागद घडी करून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. वसुबारसेच्या आधी आठवडाभर त्या आल्या, शंकरपाळी कातायला. चकलीचे त्यांचे पंधरा तास त्यांनी नऊवरच थांबवले, आणि वहीत नऊच लिहिले.

आता उन्हाळी वाळवणाचा तक्ता करते आहे, पापड आणि कुरडया. त्यात एक अट उन्हाची आहे. आमच्या गच्चीवर दुपारी तीननंतर सावली येते, आणि ती तासांत लिहायची की चौरस फुटांत, यावर सध्या माझी आणि लेकीची फोनवर जुंपली आहे.