मतदानाची तारीख कशी ठरते?

सोमवार, दि. १३ मे २०२४ रोजी निघोजे गावाने अठराव्या लोकसभेसाठी मतदान केले. हे गाव खेड-आळंदी विधानसभा मतदारसंघात आणि त्यामुळे शिरूर लोकसभा मतदारसंघात येते. शेजारच्या मावळ व पुणे मतदारसंघांतही त्याच दिवशी मतदान होते. परंतु नागपूरचे मतदान १९ एप्रिललाच उरकले होते, नांदेडचे २६ एप्रिलला, लातूरचे ७ मे रोजी, आणि मुंबईची पाळी २० मे रोजी आली. एका राज्यात पाच निरनिराळ्या तारखा का? आणि आपल्या वाट्याला १३ मे हीच तारीख का आली? आपल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

तारखेची बाहेरची मर्यादा संविधान आखून देते. अनुच्छेद ८३ नुसार लोकसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते. सतरावी लोकसभा १७ जून २०१९ रोजी प्रथम भरली. अर्थात १६ जून २०२४ रोजी तिची मुदत संपणार होती. तत्पूर्वी नवी लोकसभा अस्तित्वात येणे आवश्यक होते. दुसरीकडे, लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १४ प्रमाणे मुदत संपण्याच्या सहा महिन्यांहून आधी निवडणुकीची अधिसूचना काढता येत नाही. या दोन कुंपणांच्या आत निवडणूक आयोगाला तारखा बसवाव्या लागतात. अधिसूचना राष्ट्रपतींच्या नावे निघते, परंतु ती आयोगाच्या शिफारशीवरून.

कुंपणाच्या आतले गणितही कायद्यानेच घालून दिले आहे. अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत उमेदवारी अर्ज, त्याच्या दुसऱ्या दिवशी छाननी, छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत आणि त्यानंतर किमान चौदावा दिवस उजाडल्याखेरीज मतदान नाही, असे कलम ३० सांगते. आता शिरूरचे उदाहरण घेऊ. अधिसूचना १८ एप्रिलला निघाली. सातवा दिवस २५ एप्रिल. छाननी २६ एप्रिलला. माघारीची मुदत २८ एप्रिलला संपावयाची, पण तो रविवार असल्याने ती २९ एप्रिलवर गेली. त्यापुढील चौदावा दिवस म्हणजे १३ मे. म्हणजे १८ एप्रिलला अधिसूचना काढल्यावर १३ मेच्या आधीची कोणतीही तारीख कायद्यात बसतच नव्हती. १९९६ पूर्वी हे शेवटचे अंतर चौदा नव्हे, वीस दिवसांचे होते.

मग अधिसूचनेचा दिवस कोण निवडतो? तेथे आयोगाचा विवेक चालतो. परीक्षा, सण, पाऊस, शेतीची कामे, शाळांच्या इमारतींची उपलब्धता आणि विशेषतः सुरक्षा दलांची एका भागातून दुसऱ्या भागात होणारी हालचाल, या साऱ्यांचा विचार करून टप्पे पाडले जातात. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी जवळपास चार महिने चालली. हिमाचलातील चिनी येथे बर्फ पडण्यापूर्वी मतदान उरकावे लागले, म्हणून तेथील मतदारांनी देशात सर्वांआधी मत दिले.

विवेकाच्या जागी चूक झाली तर ती दुरुस्तही करता येते. पंजाब विधानसभेसाठी २०२२ मध्ये १४ फेब्रुवारी ही तारीख जाहीर झाली होती. १६ फेब्रुवारीला गुरू रविदासांची जयंती. त्यासाठी पंजाबातील असंख्य अनुयायी आधीच वाराणसीला निघतात. मतदान १४ तारखेला ठेवले तर त्यांना एक तर जयंती सोडावी लागेल, नाही तर मत, हे आयोगापुढे मांडले गेले आणि मतदान २० फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलण्यात आले. यादीत नाव असूनही केवळ तारखेमुळे माणूस मतापासून वंचित राहू शकतो, हे या प्रसंगाने दाखवून दिले. चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या समाजाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

हा अधिकार सत्ताधाऱ्यांच्या हाती नसावा, हा आग्रह संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडला. १५ जून १९४९ रोजी त्यांनी निवडणूक आयोगासंबंधीचा अनुच्छेद सभेपुढे ठेवला. तोच आजचा अनुच्छेद ३२४. काही प्रांतांत भाषेने, वंशाने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदारयाद्यांतून वगळले जात आहे, अशा तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. म्हणून निवडणुकीचे सर्व यंत्रणासूत्र कार्यकारी सत्तेबाहेरच्या एका आयोगाकडे असावे, असे त्यांनी सांगितले. ब्रिटनमध्ये मुदतीच्या आत निवडणूक केव्हा घ्यावयाची हे पंतप्रधान ठरवतात. २०२४ साली तेथे २२ मे रोजी घोषणा झाली आणि ४ जुलै रोजी मतदान. अमेरिकेने १८४५ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीचा दिवस कायमचा बांधून टाकला: नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. आपण मधला मार्ग स्वीकारला. लोकसभा मुदतीपूर्वी विसर्जित करण्याचा सल्ला सरकार देऊ शकते, १९७० आणि २००४ मध्ये तसे झालेही. परंतु त्यानंतरही तारखा आयोगच ठरवतो.

तारीख लांबली तर काय होते, तेही आपण अनुभवले आहे. आणीबाणीत पाचव्या लोकसभेची मुदत कायद्याने वाढवण्यात आली आणि १९७६ मध्ये अपेक्षित असलेली निवडणूक मार्च १९७७ मध्ये झाली. अगदी अलीकडचे व जवळचे उदाहरण स्थानिक संस्थांचे आहे. त्यांच्या तारखा राज्य निवडणूक आयोग ठरवतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात असल्याने त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांच्या निवडणुका घेण्याचा आदेश दिला. पाच वर्षांची मुदत संविधानात लिहिलेली असली, तरी प्रत्यक्ष तारीख लागेपर्यंत ती कागदावरच राहते.

बौद्ध परंपरेला ही गोष्ट नवीन नाही. विनयात उपोसथाचे दिवस आधीच ठरलेले असतात, जेणेकरून सीमेतील प्रत्येक भिक्खू उपस्थित राहू शकेल. आजारी भिक्खू येऊ शकला नाही तर तो दुसऱ्याकरवी आपली संमती, म्हणजे छंद, कळवतो. संघ समग्र असावा, हा त्यामागील हेतू. भिक्खू संघाला संसदीय कार्यपद्धती माहीत होती, याचे स्मरण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात करून दिले होते. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरूनच मत देण्याची सोय होती, ती याच भावनेची म्हणता येईल.

शेवटी आपल्या कामाच्या दोन गोष्टी. चाकण परिसरातील कारखान्यांत नांदेड, लातूर, परभणी येथून आलेले आपले कितीतरी बांधव राबतात. अनेकांची नावे गावच्या यादीत आहेत. त्यांची तारीख निघोज्याची नव्हे, गावाची. कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी मिळते. मतदारसंघ दुसरीकडे असला तरी हा हक्क कायम राहतो, रोजंदारीवरील कामगारालाही तो लागू आहे. अनुपस्थितीने धोका वा मोठे नुकसान होईल अशा कामांचा मात्र त्याला अपवाद आहे. सुट्टी मागताना हे कलम सांगावे.

दुसरी गोष्ट तरुण माजी विद्यार्थ्यांसाठी. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा वर्षातून चार तारखांना अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची नावे यादीत येऊ शकतात. परंतु उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घेता येत नाही. शिरूरसाठी ती तारीख २५ एप्रिल होती, आणि अर्जाची चौकशी होण्यास काही दिवस लागतात हे लक्षात घेता नमुना ६ त्याहूनही बराच आधी भरायला हवा होता. १३ मे रोजी मतदान केंद्रावर पोहोचून यादीत नाव न सापडलेल्या तरुणाची तारीख कधीच उलटून गेलेली होती. पुढच्या वेळी कोणाचीही ती उलटू नये, एवढ्यासाठी हा लेख.