आघातवाचक इंग्रजी शब्दांचे अध्यापन

राज्यात २००० सालापासून इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. हिट, स्ट्राइक, बीट, नॉक, स्लॅप आणि किक हे शब्द आले की पुष्कळदा फळ्यावर सर्वांपुढे ‘मारणे’ एवढाच अर्थ लिहिला जातो. हा अर्थ अपुरा आहे. मराठीत हाक मारतात, उडी मारतात, गाठही मारतात; इंग्रजीत यांपैकी कोठेही ‘हिट’ चालत नाही.

फुलसावंगीसारख्या गावातील मुलास आघाताचे भेद घरीच उमगलेले असतात. थप्पड, गुद्दा, लाथ यांत ते गल्लत करीत नाही. म्हणून तेथूनच आरंभ करावा. थप्पड म्हणजे स्लॅप, गुद्दा म्हणजे पंच, लाथ म्हणजे किक. दारावरची थाप नॉक, तर पाठीवरची थाप पॅट. आणि थापा मारणे यात तर आघातच नाही!

मराठीत घड्याळाचे ठोके पडतात, तसेच हृदयाचेही. इंग्रजीत मात्र घड्याळ ‘स्ट्राइक’ करते व हृदय ‘बीट’ करते. आगकाडी ओढणे आणि कामगारांचा संप यांनाही स्ट्राइक हाच शब्द आहे. खेळात हरविणे म्हणजे बीट.

यास्तव शब्द सुटा न देता कृती व वाक्य यांसह द्यावा. मुलांनी दार वाजवावे, चेंडू लाथेने उडवावा आणि तेच इंग्रजीत बोलावे. छडीने मात्र यांतील एकही शब्द शिकवू नये. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस मनाई आहे. शिवाय भ्यालेले मूल बोलत नाही, आणि न बोलता भाषा येत नाही.